मोठ्या पानाचे पत्र, लहान पानाचे पत्र

सकाळचे वर्तमानपत्र ही चहाइतकीच अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टीकडे आपण सहसा निरखून पाहत नाही. गावच्या वाचनालयातील टेबलावर चार पत्रे पडलेली असतात. त्यांतील एखादे दोन्ही हात पसरून धरावे लागते, तर एखादे वहीसारखे मांडीवर ठेवून वाचता येते, एवढा फरक आपल्या ध्यानात येतो. पहिल्या प्रकारच्या पत्रास ‘ब्रॉडशीट’ व दुसऱ्यास ‘टॅब्लॉइड’ म्हणतात, हेही अनेकांना ठाऊक असते. परंतु हे दोन शब्द केवळ कागदाचे माप सांगत नाहीत. बातमीची निवड, तिची भाषा, वाचकाविषयीची कल्पना आणि पत्राचा जमाखर्च या साऱ्यांचा या मापाशी संबंध जडलेला आहे.

इंग्लंडमध्ये ‘माध्यम अभ्यास’ हा विषय शाळा-महाविद्यालयांतून शिकविला जातो. एकाच दिवशीची दोन भिन्न प्रकृतीची पत्रे शेजारी शेजारी ठेवून ती ताडून पाहणे, हा त्या विषयातील पहिल्या पाठांपैकी एक होय. या पाठाचा उपयोग केवळ विद्यार्थ्यांना आहे असे नाही. बातमी ज्यांच्याविषयी छापली जाते ते पंचायत सदस्य, ज्यांच्या माहितीवरून ती तयार होते ते अधिकारी आणि ती वाचावयास जे शिकवितात ते शिक्षक, या सर्वांनाच त्याची गरज आहे. ब्रिटिश वृत्तपत्रांत हा भेद सर्वाधिक ठळकपणे वाढला व पुढे पुसटही झाला. म्हणून प्रस्तुत लेखात मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

मोठ्या पानाची कुळकथा

पूर्ण आकाराचे पान सुमारे ६० सेंटिमीटर उंच व ३७ ते ३८ सेंटिमीटर रुंद असते. ते मधोमध दुमडले की साधारणपणे लहान आकाराचे, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर उंच व २८ सेंटिमीटर रुंद असे पान तयार होते. या दोहोंच्या मधले ४७ सेंटिमीटर उंचीचे ‘बर्लिनर’ नावाचे मापही युरोपात प्रचारात आहे.

वाचावयास अवघड असे एवढे मोठे पान प्रचारात का आले, असा प्रश्न सहज पडेल. त्याचे एक उत्तर करआकारणीत सापडते. ब्रिटनमध्ये १७१२ साली वृत्तपत्रांवर मुद्रांक-कर बसविण्यात आला. त्याची आकारणी कागदाच्या तावावर होत असे. ताव जितके अधिक तितका कर अधिक, तेव्हा एकाच तावावर जितका अधिक मजकूर मावेल तितका लाभ. परिणामी तावाचा आकार वाढत गेला. हा कर पुढे एका प्रतीस चार पेन्सपर्यंत चढला होता. सामान्य मजुराला पत्र विकत घेणे परवडू नये, असाच त्याचा परिणाम होता. टीकाकारांनी त्यास ‘ज्ञानावरील कर’ असे नाव दिले, आणि दीर्घ चळवळीनंतर १८५५ साली तो रद्द झाला. कर गेला, पण मोठे पान राहिले. कारण तोपर्यंत प्रतिष्ठित पत्र म्हणजे मोठ्या पानाचे पत्र हे समीकरण रूढ झाले होते आणि छपाईची यंत्रेही त्याच मापाची होती.

या पत्रांचा थाटही वेगळा होता. १७८५ साली सुरू झालेल्या व १७८८ पासून ‘द टाइम्स’ या नावाने निघणाऱ्या लंडनच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर मे १९६६ पर्यंत बातम्या नव्हे, तर छोट्या जाहिराती असत. ज्याला बातमी हवी त्याने पान उलटून आत यावे, बातमीने दारात उभे राहून त्याला हाक मारू नये, अशी त्यामागची वृत्ती होती.

औषधाच्या गोळीवरून आलेले नाव

‘टॅब्लॉइड’ हा शब्द वृत्तपत्रांच्या जगातला नाही, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. लंडनच्या ‘बरोज वेलकम’ या औषधी कंपनीने आपल्या दाबून तयार केलेल्या गोळ्यांसाठी १८८४ साली हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले. पूर्वी औषध पुडीतून घ्यावे लागे. आता तेच आटोपशीर गोळीत मिळू लागले. लवकरच आटोपशीर केलेल्या कोणत्याही वस्तूस हा शब्द लागू लागला व तसा तो थोडक्यात, झटपट वाचता येणाऱ्या पत्रासही चिकटला.

या प्रकाराचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे आल्फ्रेड हार्म्सवर्थ. त्याने १८९६ साली ‘डेली मेल’ हे अर्ध्या पेनीचे दैनिक काढले. नव्याने साक्षर झालेल्या व कचेरीत जाता-येता वाचू पाहणाऱ्या मोठ्या वर्गाला ते पसंत पडले. आकाराने मात्र ते मोठ्या पानाचेच होते. लहान आकार त्याने १९७१ साली स्वीकारला. १ जानेवारी १९०१ रोजी, नव्या शतकाच्या पहिल्या दिवशी, न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या पत्राचा मालक जोसेफ पुलित्झर याने हार्म्सवर्थला एका दिवसापुरते संपादकपद दिले, तेव्हा त्याने तो अंक लहान आकारात काढून दाखविला. १९०३ साली त्याने ‘डेली मिरर’ काढले. स्त्रियांसाठी म्हणून निघालेले हे पत्र प्रथम पडले. पण १९०४ मध्ये सचित्र दैनिक म्हणून त्याची नवी मांडणी केल्यावर ते चालू लागले. लहान पान आणि मोठे छायाचित्र यांची जोडी तेथून जमली. अमेरिकेत १९१९ साली निघालेल्या न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने तीच वाट धरली.

तेव्हा लहान पत्राचा मूळ हेतू सनसनाटी हा नव्हता. थोड्या वेळात, थोड्या जागेत व थोड्या पैशांत जग वाचकाच्या हाती द्यावे, हा तो हेतू होता. शाळा लवकर सोडून कामाला लागलेल्या लक्षावधी माणसांना या पत्रांनी वाचनाची सवय लावली, हे विसरता येणार नाही.

खप एकाचा, उत्पन्न दुसऱ्याचे

दोन प्रकारच्या पत्रांत जो फरक पडला त्याचे मूळ शोधावयाचे तर जमाखर्चाच्या वहीत डोकावले पाहिजे. वृत्तपत्राला उत्पन्नाच्या दोन वाटा असतात: प्रतींची विक्री आणि जाहिरात. सधन, सुशिक्षित वाचकांच्या पत्राला खप थोडा असला तरी जाहिरातदार चढा दर देतात, कारण त्यांना हवे असलेले गिऱ्हाईक तेथे असते. श्रमिक वाचकांच्या पत्राला मात्र प्रचंड खप असल्यावाचून गत्यंतर नसते.

‘डेली हेरल्ड’ या मजूरपक्षीय दैनिकाची कथा या दृष्टीने बोलकी आहे. १९६४ साली ते बंद झाले तेव्हाही त्याचा खप बारा लाखांहून अधिक होता. त्या काळी ‘द टाइम्स’चा खप याच्या पासंगालाही पुरत नव्हता. तरी ‘टाइम्स’ टिकले आणि ‘हेरल्ड’ बुडाले. वाचक होते, पण ते कामगार व वयस्क होते. जाहिरातदारांना त्यांच्यात रस नव्हता.

‘हेरल्ड’च्या जागी ‘द सन’ हे पत्र आले. तेही चालेना, तेव्हा १९६९ साली रूपर्ट मर्डोक यांनी ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला ते लहान आकारात काढले. खेळ, चित्रपट-दूरदर्शनवरील तारे, बक्षिसांच्या स्पर्धा, स्त्रीदेहाची छायाचित्रे आणि ठसक्याचे मथळे यांच्या बळावर १९७८ मध्ये त्याने ‘मिरर’ला मागे टाकले. खपाच्या या चढाओढीत प्रत्येक सकाळी विक्रेत्याच्या फळीवर शेजारच्या पत्रापेक्षा मोठ्याने ओरडणे भाग होते. मोठ्या पानाच्या पत्राचे बरेच वाचक वर्गणीदार व ठरलेले. लहान पत्राचा वाचक पुष्कळदा वाटेत थांबून घेणारा. मथळ्याचा आकार वाढण्यामागे हे साधे व्यापारी कारण आहे.

एकच बातमी, दोन रूपे

आता प्रत्यक्ष मजकुराकडे वळू. उदाहरणादाखल एक काल्पनिक घटना घेऊ. एका गावाजवळ कालवा फुटला व पिकांत पाणी शिरले. मोठ्या पानाच्या पत्रात मथळा येतो: ‘कालवा फुटल्याने ४० हेक्टरांवरील पिकांचे नुकसान, पंचनाम्याचे आदेश’. लहान पानाच्या पत्रात येतो: ‘पिकं बुडाली, साहेब झोपले!’

पहिल्या मथळ्यात आकडा आहे, कारवाईची माहिती आहे, स्वर संयत आहे. दुसऱ्यात क्षेत्र नाही, आदेश नाही. पण माणसे आहेत, राग आहे, दोषी कोण याचा निकालही आहे. बोलीतील ‘पिकं’ हे रूप मुद्दाम योजले आहे. पत्र आपल्याच ओटीवर बसून बोलत आहे असा भास त्यामुळे होतो. छायाचित्रांचेही तसेच. पहिल्यात कालव्याला पडलेले भगदाड दिसेल, दुसऱ्यात पाण्यात उभी राहून डोळे टिपणारी म्हातारी. आतील मजकुरात पहिले पत्र अभियंत्याचे निवेदन, मागील वर्षीचा दुरुस्तीचा खर्च व हवामान यांची जंत्री देईल. दुसरे पत्र दोन-दोन ओळींच्या परिच्छेदांत एका कुटुंबाची हकिकत सांगेल.

येथे घाईने निवाडा करू नये. दुसरे पत्र पुराव्यावाचून दोष देते, हे उघड आहे. परंतु पहिले पत्र निर्दोष आहे काय? ‘कालवा फुटल्याने’ या शब्दांत कालवा जणू आपण होऊन फुटला. त्याची देखभाल कोणाकडे होती, दुरुस्ती झाली होती की नाही, हा प्रश्न वाक्याच्या रचनेतच विरून जातो. कर्ता नाहीसा करणारी ही भाषा आम्हां शासकीय लेखन करणाऱ्यांच्या फार परिचयाची आहे. संयत भाषेतही पक्षपात लपू शकतो आणि आरडाओरडीतही खरा प्रश्न असू शकतो. माध्यम अभ्यासाचा पहिला धडा तो हाच.

दुसरा धडा निवडीचा. जगात घडणाऱ्या अगणित घटनांपैकी कोणती बातमी होते? योहान गाल्टुंग व मारी रूगे या नॉर्वेच्या अभ्यासकांनी काँगो, क्युबा व सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या चार नॉर्वेजियन पत्रांत कशा आल्या ते तपासून १९६५ साली बारा कसोट्या मांडल्या. घटना अचानक घडलेली, मोठी, संदिग्धता नसलेली, वाचकाच्या जवळची, बड्या देशांची वा बड्या माणसांची, एखाद्या व्यक्तीच्या रूपाने सांगता येण्याजोगी आणि विशेषतः वाईट असेल, तर तिची बातमी होण्याचा संभव अधिक. या कसोट्या दोन्ही आकारांच्या पत्रांना लागू पडतात. लहान पत्र त्यांतील व्यक्ती, धक्का व जवळीक यांवर अधिक भर देते, इतकेच. कालवा फुटला तर बातमी होते. तो न फुटावा म्हणून वर्षभर गाळ काढणाऱ्या मजुरांची होत नाही.

हिल्सबरोचा मथळा

हा सारा विचार केवळ अभ्यासापुरता नाही, हे एका घटनेवरून स्पष्ट होईल. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफिल्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांचा फुटबॉल सामना होता. प्रेक्षकांच्या बंदिस्त भागात अतोनात गर्दी लोटून माणसे चिरडली गेली. या दुर्घटनेतील मृतांची संख्या आज ९७ गणली जाते. त्यांपैकी अखेरचा मृत्यू, त्या दिवशीच्या दुखापतींमुळे, २०२१ साली झाला.

चार दिवसांनी, १९ एप्रिलला, ‘द सन’ने पहिल्या पानावर ‘सत्य’ एवढाच शब्द भल्या मोठ्या अक्षरांत छापला. खाली आरोप होते: लिव्हरपूलच्या काही समर्थकांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, जीव वाचवू पाहणाऱ्या शिपायाला मारहाण केली. हे आरोप शेफिल्डच्या एका वृत्तसंस्थेमार्फत आले होते आणि त्यांच्या मुळाशी पोलिसांनी दिलेली माहिती होती. इतर काही पत्रांनीही ते छापले, पण आरोप म्हणून. ‘सन’ने त्यावर सत्याचा शिक्का मारला. फरक एका शब्दाचा होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती टेलर यांच्या अंतरिम अहवालाने दुर्घटनेचे मुख्य कारण पोलिसांच्या नियंत्रणातील अपयश हे असल्याचे सांगितले. पण मथळा जनमानसात रुतून बसला होता. ज्यांची मुले गेली त्यांना पुढली कित्येक वर्षे आपली मुले गुंड नव्हती हे सिद्ध करीत फिरावे लागले. सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा पोलिसांच्या १६४ जबान्यांत लक्षणीय फेरफार केल्याचे व त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलिसांना प्रतिकूल असा मजकूर काढला वा बदलला गेल्याचे उघड झाले. त्यानंतर ‘सन’ने पहिल्या पानावर क्षमा मागितली. २०१६ साली न्यायचौकशीतील ज्यूरीने, मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाले व समर्थकांचा त्यात दोष नव्हता, असा निर्णय दिला. एका मथळ्याचा डाग धुण्यास अशी सत्तावीस वर्षे लागली. लिव्हरपूलमधील अनेक विक्रेते व वाचक आजही त्या पत्राला हात लावीत नाहीत.

या प्रकरणातून पत्रकारांनी घ्यावयाचा बोध उघड आहे. अधिकाऱ्यांनी घ्यावयाचा बोध मात्र सहसा सांगितला जात नाही. येथे असत्याचा उगम छापखान्यात झाला नव्हता. जबाबदार खात्यातील माणसांनी स्वतःचा दोष झाकण्यासाठी जे सांगितले, ते पत्राने पारखून न घेता मोठ्या अक्षरांत छापले. चुकीच्या बातमीला पुष्कळदा दोन जन्मदाते असतात: सांगणारा आणि न विचारणारा.

आकारावरून पारख करता येईल काय?

यावरून लहान पानाचे पत्र ते खोटे व मोठ्या पानाचे ते खरे, असा सिद्धांत कोणी मांडील तर तो टिकणार नाही. १९८३ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ या मोठ्या पानाच्या प्रतिष्ठित साप्ताहिकाने हिटलरची रोजनिशी सापडल्याचे जाहीर केले. नामांकित इतिहासकाराने ती खरी असल्याची ग्वाही दिली होती. अवघ्या काही दिवसांत जर्मन संघराज्याच्या अभिलेखागाराने ती बनावट ठरविली. याच ‘संडे टाइम्स’ने १९७२ साली हॅरॉल्ड एव्हान्स यांच्या संपादकत्वाखाली, थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या बालकांना न्याय्य भरपाई मिळावी म्हणून दीर्घ लढा दिला होता, हेही तितकेच खरे.

उलटपक्षी, १९७९ साली कंबोडियातील भीषण संहाराचे व उपासमारीचे जॉन पिल्जर यांनी लिहिलेले वृत्तांत ‘डेली मिरर’ या लहान पानाच्या पत्राने पानेच्या पाने छापले. दूरच्या देशातील माणसांसाठी वाचकांनी आपण होऊन पैसे पाठविले. मोठे छायाचित्र, छोटे वाक्य व थेट हाक ही टॅब्लॉइडचीच साधने तेथे करुणेच्या कामी आली.

आकार आणि वृत्ती यांची फारकत दाखविणारी आणखीही उदाहरणे आहेत. जर्मनीचे ‘बिल्ड’ हे १९५२ साली सुरू झालेले दैनिक वृत्तीने पूर्णतः सनसनाटी, पण पान मोठे. ब्रिटनमधील ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे साप्ताहिक १८४३ पासून गुन्हे व भानगडी यांवर जगत आले. १९८४ पर्यंत त्याचेही पान मोठेच होते. खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या दूरध्वनीवरील निरोप त्याच्या माणसांनी चोरून ऐकले, हे ‘गार्डियन’ने जुलै २०११ मध्ये उघडकीस आणले आणि त्याच महिन्यात ते साप्ताहिक कायमचे बंद झाले. त्यानंतर नेमलेल्या लेव्हसन चौकशीने २०१२ साली वृत्तपत्रांच्या वर्तनाचा सविस्तर पंचनामाच केला.

दरम्यान प्रतिष्ठित पत्रांनीच लहान पान स्वीकारले होते. रेल्वेत व बसमध्ये वाचणाऱ्यांची सोय म्हणून ‘इंडिपेंडंट’ने २००३ साली मोठ्या अंकाच्या जोडीला लहान अंक काढला व पुढील वर्षी मोठा बंद केला. ‘टाइम्स’ने नोव्हेंबर २००४ पासून तेच केले. ‘गार्डियन’ २००५ मध्ये बर्लिनर आकारावर आणि जानेवारी २०१८ मध्ये लहान आकारावर आले. यातील गंमत अशी, की ‘टॅब्लॉइड’ या शब्दाला आलेला वास टाळण्यासाठी ‘इंडिपेंडंट’ व ‘टाइम्स’ यांनी आपल्या नव्या आकाराला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणणे पसंत केले. आज ‘डेली टेलिग्राफ’ व ‘फायनॅन्शियल टाइम्स’ यांसारखी थोडीच पत्रे मोठ्या पानाची उरली आहेत. ‘इंडिपेंडंट’ची छापील आवृत्ती तर २०१६ साली थांबली. यापुढे ‘ब्रॉडशीट’ व ‘टॅब्लॉइड’ हे शब्द कागदाच्या मापापेक्षा लेखनाच्या वृत्तीसाठीच वापरावे लागतील.

आपल्याकडील अनुभव

महाराष्ट्रात लहान आकाराच्या पत्रांची परंपरा आहे. मुंबईत आर. के. करंजिया यांचे ‘ब्लिट्झ’ हे साप्ताहिक १९४१ साली निघाले, तर ‘मिड-डे’ हे दैनिक १९७९ साली. मराठी दैनिके मात्र प्रामुख्याने मोठ्या पानाचीच राहिली. त्यांच्या काही पुरवण्या लहान आकारात निघतात.

पानांचा व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा संबंध किती निकट आहे, हे आपल्याकडे पुण्याच्या ‘सकाळ’ने दाखवून दिले. पानांच्या संख्येवरून पत्राची किंमत ठरविणारा केंद्र शासनाचा १९६० सालचा आदेश या पत्राने सर्वोच्च न्यायालयात आव्हानित केला. किंमत वाढविली तर वाचक घटतात, पाने घटविली तर विचार घटतात. कोणत्याही मार्गाने गेले तरी संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्याचा संकोच होतो, हे १९६१ साली न्यायालयाने मान्य केले व तो आदेश आणि त्यामागील १९५६ च्या अधिनियमातील तरतुदी रद्द ठरविल्या. १९७२ मध्ये बेनेट कोलमन खटल्यात दहा पानांची कमाल मर्यादाही त्याच भूमिकेतून रद्द झाली. ब्रिटनमधील तावावरच्या कराची आठवण व्हावी, असेच हे निर्णय आहेत.

येथे एक स्वतःचा अनुभव नमूद करणे अस्थानी होणार नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात चार गावांतील विहिरींचे पाणी तपासणीत पिण्यास अयोग्य ठरले. कार्यालयातर्फे प्रसिद्धिपत्रक मी लिहिले. पहिल्या परिच्छेदात विभागाचे नाव, दुसऱ्यात तपासणीची पद्धत, तिसऱ्यात बैठकीचा वृत्तांत आणि पाणी उकळून प्यावे ही सूचना चौथ्यात, अगदी शेवटी. एका मोठ्या पानाच्या दैनिकाने ते आतल्या पानावर, एका रकान्यात, ‘पाण्याच्या नमुन्यांची तपासणी’ या मथळ्याखाली इमानाने छापले. शेवटचा परिच्छेद जागेअभावी गळाला. तालुक्याच्या ठिकाणच्या एका लहान सायंदैनिकाने मथळा दिला: ‘विहिरीत विष!’ पाण्यात विष नव्हते, जंतू होते. पण त्या संध्याकाळी घरोघर चुलीवर पाणी चढले, ते या दुसऱ्या पत्रामुळे. आणि पुढे आठवडाभर त्या गावांचे दूध व भाजी बाजारात कोणी घेईना, तेही त्याच पत्रामुळे.

त्या दिवशी माझ्या मनात प्रथम त्या सायंदैनिकाविषयी राग आला. पुढे लक्षात आले की, खरी व आवश्यक गोष्ट मी स्वतःच पहिल्या ओळीत सांगितली असती तर दोन्ही पत्रांची चूक टळण्याचा संभव होता. तेव्हापासून पत्रक लिहिताना ‘लोकांनी आज काय करावे?’ हे वाक्य मी प्रथम लिहितो. टॅब्लॉइडकडून घेण्याजोगा गुण तो हा. आणि विशेषण घालण्यापूर्वी पुरावा पाहणे, हा ब्रॉडशीटचा. दोन्ही गुण एका कागदावर नांदू शकतात.

वाचनालयातील एक तास

शाळेत अथवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात हा पाठ घेण्यास काही खर्च नाही. एकाच दिवशीची दोन पत्रे घ्यावीत. लहान आकाराचे पत्र मिळत नसेल तर भिन्न वृत्तीची दोन चालतील. दोहोंत आलेली एक समान बातमी निवडावी व विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न विचारावेत.

पहिल्या पानाचा किती भाग मथळ्याने, किती छायाचित्राने, किती जाहिरातीने आणि किती मजकुराने व्यापला आहे? हे फूटपट्टीने मोजावे. मोजल्यावर मुलांचे अंदाज चुकतात, आणि तेथेच खरे शिकणे सुरू होते. मथळ्यातील क्रियापदाचा कर्ता कोण? तो दिसतो की लपविला आहे? बातमीत किती माणसांचे म्हणणे आले आहे, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे आले आहे काय? ‘असे समजते’, ‘असे बोलले जाते’ या शब्दांमागे नेमके कोण आहे? विशेषणे खोडली तर बातमीत काय उरते? आणि अखेरचा प्रश्न: एका पत्रात असलेली कोणती गोष्ट दुसऱ्यात मुळीच नाही?

हेच प्रश्न भ्रमणध्वनीवर येणाऱ्या मजकुरालाही विचारता येतात. तेथे पान नाही, घडी नाही, पुष्कळदा संपादकही नाही; प्रत्येक मजकूर मथळ्यासारखा ओरडत येतो व पुढे पाठविणारा प्रत्येक जण नकळत वार्ताहर बनतो. वृत्तपत्रात चूक झाली तर संपादकाकडे खुलासा मागता येतो आणि त्याने समाधान न झाल्यास १९७८ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेल्या भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद पत्राला ताकीद देऊ शकते, त्याच्याविषयी नापसंती व्यक्त करू शकते. अनामिक निरोपाच्या बाबतीत वाचकाचा विवेक हीच पहिली, आणि बहुधा एकमेव, परिषद असते.

पंचायत सदस्यांनी एक गोष्ट विशेषेकरून ध्यानी घ्यावी. आपल्या गावाविषयी चुकीची बातमी आली म्हणजे पत्राचा निषेध करणे सोपे असते. त्याआधी बातमीदाराने विचारले तेव्हा आपण माहिती दिली होती काय, ग्रामसभेचे इतिवृत्त, खर्चाचे आकडे व कामाची स्थिती त्याला दाखविली होती काय, हे पाहावे. माहितीची जागा मोकळी राहिली की तेथे तर्क येऊन बसतो, आणि तर्काला मोठ्या अक्षरांची फार हौस असते.

पान मोठे असो वा लहान, त्यावर जे छापले जाते ते कोणाच्या तरी घरात वाचले जाते, आणि ज्याच्याविषयी छापले जाते त्याचेही घर असते. लिव्हरपूलमधील त्या आईबापांना हे सत्तावीस वर्षे कळत होते. आपल्या गावच्या वाचनालयात उद्या सकाळी पत्रांची घडी उलगडताना त्याची आठवण ठेवली, तर मथळ्याच्या पलीकडचे वाचण्याची सवय आपल्यालाही लागेल.